कात्रजच्या तळ्यापासून शनिवारवाड्यापर्यंत : पाण्याच्या वाटेने एक दिवस

बिबवेवाडीकर

माझं माहेर सदाशिव पेठेतलं आणि सासर बिबवेवाडीचं. म्हणजे आयुष्यभर मी एकाच पाण्याच्या वाटेवर राहत आले, पण हे कळायला गेला रविवार उजाडावा लागला. पेशव्यांनी कात्रजहून शहरात पाणी आणलं, त्या नळाच्या वाटेने दिवसभराची सफर होती. वडील आणि मी दोघं गेलो. आल्यापासून डोक्यातून ते पाणी जात नाही, म्हणून हा धागा.

सकाळी साडेसहाला कात्रजच्या खालच्या तळ्यावर जमलो. बावीस जण होतो. माहिती सांगणाऱ्या बाई पन्नाशीच्या. खांद्याला शबनम आणि तिच्यातून डोकावणारी गुंडाळलेली पारदर्शक नळी. ती कशाला, हे त्यांनी दुपारपर्यंत काही सांगितलं नाही.

कात्रजला तळी दोन. डोंगरावरचं पाणी आधी वरच्या तळ्यात येतं, गाळ तिथे बसतो आणि निवळ पाणी खालच्या तळ्यात उतरतं. तिथून नळ सुरू होतो. नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं, 1750 च्या आसपासचं हे काम. नळ म्हटलं की आपल्याला लोखंडी पाइप आठवतो. हा नळ म्हणजे दगड-चुन्यात बांधलेला, आतून माणूस जाऊ शकेल असा जमिनीखालचा मार्ग. मोट नाही, रहाट नाही, बैल नाहीत. कात्रज उंच आणि शनिवारवाडा खाली, एवढ्याच भांडवलावर आठ-नऊ किलोमीटर पाणी आपलं आपण गावात आलं.

बाईंनी पहिल्याच थांब्यावर आम्हाला एक सवय लावली. कुठेही थांबलो की त्या आधी विचारायच्या, "पाणी आत्ता कुठे असेल?" आणि सगळ्यांनी बोट दाखवायचं. सुरुवातीला कुणाचं बोट डोंगराकडे, कुणाचं दुकानाकडे. मधला काही भाग पीएमटीने, बाकीचा पायी, असं करत सहकारनगरला पोचेपर्यंत बाविसातली अठरा बोटं एका दिशेला जायला लागली. सातारा रस्त्यावरून मी तीस वर्षं ये-जा करतेय, पण हा सगळा रस्ता उतरता आहे हे माझ्या पायांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पद्मावतीच्या पुढे एका सोसायटीच्या मागच्या अंगाला, दुचाकींची रांग संपते तिथे, आम्ही पहिला उच्छ्वास, म्हणजे नळातली हवा सोडायचं तोंड, पाहिला. काळ्या दगडाचा, कमरेएवढा चौकोनी चौथरा. सांध्यांमधला चुना बोटाने खरवडला तर पीठ होऊन हाताला लागत होता. वरचं तोंड फरशी टाकून बंद केलेलं, फरशीवर तुळशीची कुंडी आणि कुंडीपाशी विझलेली पणती. तळमजल्यावरच्या काकू बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ही कुणा साधूची समाधी आहे, आम्ही रोज दिवा लावतो. बाईंनी त्यांना खोडून काढलं नाही. म्हणाल्या, "दिवा लावताय ते फार चांगलं करताय, काकू. याच्या खालून अख्ख्या पेठा पाणी प्यायल्या आहेत." मग त्यांना शेजारी बसवून सगळं नीट समजावून सांगितलं. आम्ही निघताना काकू फडक्याने फरशी पुसत होत्या.

दुपारी सारसबाग. तळ्यातला गणपती आपण म्हणतो, पण तिथे तळं होतं ते कुणाच्या डोळ्यांसमोर येतं? पर्वतीच्या पायथ्याचं सुमारे 25 एकरांचं तळं, मध्ये बेट, बेटावर बाग, आणि 1784 मध्ये सवाई माधवरावांनी तिथे बसवलेला गणपती. बाईंनी आम्हाला देवळाकडे पाठ करून उभं केलं आणि म्हणाल्या, आता समोरची हिरवळ, कट्टे, माणसं सगळं पुसून टाका आणि पाणी भरा. मला जमलं. अंगावर काटा आला.

जेवणं झाल्यावर पर्वतीच्या खालच्या पायऱ्यांवर ती नळी बाहेर आली. गवंडी पाणसळीला वापरतात तीच. एक टोक वडिलांच्या हातात देऊन त्यांना चार पायऱ्या वर पाठवलं, दुसरं टोक खाली माझ्याकडे, मध्ये पाणी. माझं टोक मी थोडं खाली नेलं तर पाणी उसळून माझ्या मनगटावर आलं. "शनिवारवाड्यातलं हजारी कारंजं ते हेच," बाई म्हणाल्या. हजारी कारंजं मी शाळेच्या सहलीपासून दहा वेळा तरी पाहिलं असेल. सोळा पाकळ्यांचं कमळ, कोरडं ठणठणीत. ते कात्रजच्या उंचीवर उडत होतं हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

मग पेठांमधले हौद. आणि सदाशिव पेठेच्या हौदाची गोष्ट निघाली तेव्हा माझे वडील बोलायला लागले. ते घरीसुद्धा फार बोलत नाहीत. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. पूर ओसरला आणि घरात प्यायला पाणी नाही, कारण शहराचं पाणी खडकवासल्याचं आणि खडकवासल्याची भिंतच गेलेली. आजीने त्यांच्या हातात लहान कळशी दिली, स्वतः हंडा घेतला आणि दोघं हौदावर गेली. "रांग एवढी होती की माझा नंबर येईपर्यंत अंधार पडला," ते म्हणाले, "पण हौद आटला नाही. मला वाटायचं, याला पाणी येतं कुठून?" पुढे ते म्हणाले, हे आज कळलं. त्र्याहत्तराव्या वर्षी.

शनिवारवाड्याचं फार लिहीत नाही, ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पाय बोलत होते आणि सुरक्षारक्षक शिट्ट्या मारत होते.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तुमच्या भागात असे उच्छ्वास कुठे शिल्लक आहेत का? आणि लहानपणी हौदाचं पाणी भरलेलं कुणी इथे आहे का?

घाटवाट

फार सुंदर लिहिलंय. आम्ही धनकवडीत वाढलो. आमच्या शाळेमागे असा चौथरा होता. मोठी मुलं सांगायची की ते पर्वतीहून शनिवारवाड्याला जायचं गुप्त भुयार आहे, आत घोडेस्वार जात असे. आम्ही वरून खडे टाकायचो आणि 'डुब्' असा आवाज आला की पळून जायचो. म्हणजे आत पाणी होतं! आवाज ऐकूनही पाण्याचा विचार डोक्यात आला नाही. आता तिथे इमारत आहे.

बिबवेवाडीकर

घाटवाट, बाईंनी हेच सांगितलं. शहरात जिथे जिथे भुयाराची गोष्ट ऐकू येते, तिथे आधी नळ शोधावा. तुमचा 'डुब्' आवाज मी वडिलांना वाचून दाखवला. ते हसले आणि म्हणाले, आमच्या पेठेतही भुयाराचीच गोष्ट होती.

पाणसळ

मी पाणीपुरवठ्याच्या कामात चौतीस वर्षं काढली, म्हणून थोडी भर घालतो.

उच्छ्वास नुसते हवेसाठी नसतात. नळात हवा कोंडली तर पाणी अडतं, म्हणून ती सोडायला वाट लागते, हे पहिलं काम. दुसरं, तिथूनच माणूस आत उतरून गाळ काढायचा. आज ड्रेनेजच्या चेंबरला आपण जे करतो तेच. त्यामुळे उच्छ्वास एका ओळीत दिसले की खाली नळ कसा गेलाय याचा नकाशा मिळतो. जमिनीवर दुसरी कुठलीच खूण नसते.

खरी कसोटी उताराची. उतार जास्त झाला तर पाणी जोराने धावतं आणि चुना धुऊन नेतं. कमी झाला तर गाळ बसतो आणि नळ तुंबतो. आठ-नऊ किलोमीटर हा तोल सांभाळायचा, तोही डोंगराच्या पायथ्याने वळणं घेत. आम्हाला हे करायला दुर्बीण आणि फूटपट्ट्या होत्या, तरी चुका व्हायच्या. मी नोकरीत असताना एका नव्या लाइनचा उतार इतका चुकला होता की पाणी मधल्या टाकीवरच थांबलं आणि दीड वर्ष नागरिकांनी टँकर मागवले. त्या आठवड्यात मी मुद्दाम कात्रजला जाऊन बसलो होतो.

हौद मागे का पडले, तेही सांगतो. 1879 मध्ये खडकवासल्याचं धरण झालं आणि कालव्याने पाणी आलं. पुढे घरोघर तोट्या आल्या. तोटी आली की हौदावर जायचं कारण उरत नाही आणि वापर थांबला की देखभाल थांबते. नंतर इमारतींच्या पायांनी नळ जागोजाग तोडला, त्यात सांडपाणी शिरलं. 2019 मध्ये स्वारगेटला मेट्रोच्या खोदकामात जमिनीखाली जुना पाण्याचा मार्ग लागला होता, आठवतं का? तेव्हा शहराला दोन दिवस आपल्या पोटातलं पाणी आठवलं.

कात्रजचा नळ एकटाच नव्हता. नाना फडणवीसांनी कोथरूडकडून वेगळा नळ आणला होता. त्या वाटेनेही सफर व्हायला हवी.

शुक्रवारची

+1. नावं बघा ना. फडके हौद, काळा हौद, बदामी हौद, साततोटी. रिक्षावाल्याला आपण रोज सांगतो, "साततोटीला सोडा." सात तोट्यांचा हौद होता म्हणून साततोटी, हे मी मुलीला काल सांगितलं. ती आता प्रत्येक चौकाचं नाव विचारतेय.

कर्वेरोडकर

बिबवेवाडीकर ताई, तुम्हाला चांगल्या बाई मिळाल्या. माझा अनुभव वेगळा आहे आणि तो सांगावासा वाटतो.

गेल्या दिवाळीत अमेरिकेहून भाचा-भाची आले होते. त्यांना पुणं दाखवायचं म्हणून मी अशाच एका पायी सफरीचे पैसे भरले. नाव सांगत नाही. तीन तासांतला दीड तास शनिवारवाड्याच्या दारात गेला आणि त्यातला बहुतेक वेळ अमावास्येच्या रात्रीच्या किंकाळ्यांवर. नारायणरावांचा खून ही 30 ऑगस्ट 1773 ची खरी घटना आहे. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा आपल्याच वाड्यात मारला गेला. त्याचं भूत करून सांगताना त्या माणसाचा आवाजही हलत नव्हता. भाचीने विचारलं, "इथे लोक जेवायचे कुठे, पाणी कुठून यायचं?" तर उत्तर मिळालं, "ते महत्त्वाचं नाही, पुढे चला."

तिचा प्रश्न तुमच्या धाग्यात सापडला. तो तिला पाठवलाय.

ओढ्याकाठी

मी हा धागा दोनदा वाचला. मग लिहायचं ठरवलं.

आम्ही अरण्येश्वरच्या बाजूला आंबील ओढ्याच्या काठी राहतो. 25 सप्टेंबर 2019 ची रात्र. कात्रजच्या बाजूला धो धो पाऊस झाला, तळी भरून वाहिली आणि ते सगळं पाणी ओढ्याने खाली आलं. आमच्या घरात पहिल्यांदा पाणी आलं ते स्वयंपाकघराच्या मोरीतून, उलटं. पाच मिनिटांत गॅसची टाकी तरंगायला लागली. मी सासूबाईंना पाठीवर घेऊन जिन्याने वर गेलो. आमच्या गल्लीतली माणसं गेली. त्यांच्या घरी अजूनही पावसाळ्यात रात्री दिवा चालू असतो.

म्हणून मला एवढंच सांगायचंय की तुमच्या बाईंनी विचारलेला प्रश्न, पाणी आत्ता कुठे असेल, तो आम्ही दर पावसाळ्यात विचारतो. हा ओढा मुळात जुन्या कसब्याच्या पश्चिमेने वाहायचा. पेशव्यांनी तो पर्वतीच्या बाजूने वळवला, म्हणून सदाशिव पेठ वसली. वळवला तरी त्याला जागा ठेवली होती. आपण त्याची जागा खात खात त्याला गटार केलं. त्याच्या आधीच्या वर्षी, 27 सप्टेंबर 2018 ला, कालव्याची भिंत फुटली आणि दांडेकर पुलाजवळची वस्ती पाण्यात गेली. ते पाणी तरी कुठे गेलं? उतारानेच.

तुमची सफर कात्रजच्या तळ्यावरून निघते तर एक थांबा आमच्याकडे पण ठेवा. भिंतीवर पाण्याची रेघ अजून आहे. मी रंग दिलेला नाही.

बिबवेवाडीकर

ओढ्याकाठी, तुमचं लिहिलेलं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. मी त्या रात्री टेकाडावरच्या घरात सुखात होते. आम्ही फक्त नळाच्या वाटेने चाललो आणि ओढा डाव्या हाताला ठेवून पुढे गेलो, हे आता खटकतंय. तुमची पोस्ट मी बाईंना पाठवली. त्यांचं उत्तर आलं : पुढच्या खेपेला नक्की, त्यांना विचारा कितीला आलेलं चालेल.

गंज पेठ

हौदांवर इतकं लिहिलं गेलं आणि फुल्यांचा हौद कुणालाच आठवला नाही, याचं वाईट वाटलं.

हौद गावासाठी होते म्हणता. कुठल्या गावासाठी? माझी पणजी हौदापासून लांब उभी राहायची आणि कुणीतरी वरून ओतेल याची वाट बघायची. ओतणाऱ्याला घाई असली की अर्धं पाणी मातीत जायचं. हे तिने आजीला सांगितलं, आजीने आईला, आईने मला. 1868 मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. पेशव्यांच्या नळाचं पाणी हजारी कारंज्यात उडत होतं ते मी नाकारत नाही. पाणसळ काकांनी सांगितलेला उताराचा हिशेबही मला थोर वाटतो. पण कात्रजहून निघालेलं पाणी माणसापर्यंत पोचलं का, हे बघायचं असेल तर सफर शनिवारवाड्यावर संपवून चालणार नाही. तिथून फुलेवाडा चालत जाण्यासारखा आहे.

पाणसळ

गंज पेठ, तुमचं बरोबर आहे. चौतीस वर्षं आम्ही लाइन कुठपर्यंत गेली ते मोजत होतो. शेवटच्या तोटीवर कोण उभं राहू शकतं, हा रकाना आमच्या कागदात नव्हता.

शुक्रवारची

गंज पेठ, फुलेवाडा किती वाजेपर्यंत उघडा असतो? मुलीला घेऊन येते.

गंज पेठ

सकाळी लवकर या, गर्दी नसते. मी जवळच राहतो, दारात भेटेन. तुळशी वृंदावनापाशी जोतीरावांच्या अस्थी आहेत, तिथे आधी थांबू.

बिबवेवाडीकर

कालच वडिलांना घेऊन फुलेवाड्यात जाऊन आले. गंज पेठ यांनी स्वतः सगळं दाखवलं. बसकं घर, मातीच्या भिंती आणि अंगणात एवढी शांतता की बाहेर मासळी आणि भंगाराचा बाजार आहे हे विसरायला होतं.

वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग गंज पेठ यांना म्हणाले, "एकसष्टच्या पुरानंतर आमच्या हौदावर रांग होती ना, त्यात तुमच्याकडची माणसं होती का हे मला आठवत नाही. मी नऊ वर्षांचा होतो. आज आठवायचा प्रयत्न करतोय आणि आठवत नाही." गंज पेठ यांनी त्यांचा हात धरला आणि त्यांना सावलीत बसवलं, तांब्याभर पाणी आणून दिलं.

तर आता ठरलेलं असं. पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी साडेसहाला कात्रजच्या खालच्या तळ्यावर. तिथून उच्छ्वास बघत पद्मावती, मग अरण्येश्वर (ओढ्याकाठी यांनी साडेनऊनंतर या म्हणून कळवलंय, सासूबाईंचं आंघोळ-पाणी तोवर उरकतं). दुपारी सारसबाग आणि पर्वतीचा पायथा, तिथे नळीचा प्रयोग पुन्हा होणार आहे. संध्याकाळी हौद, शनिवारवाडा बाहेरूनच, आणि शेवट फुलेवाड्यात. पाणसळ काकांनी यायचं कबूल केलंय, उताराचं ते सांगतील. पंचवीस जणांपेक्षा जास्त नको असं बाईंचं म्हणणं आहे. येणाऱ्यांनी इथेच लिहा. पाण्याची बाटली, टोपी आणि चालायचे बूट आणा. गुडघे दुखणाऱ्यांनी आधी सांगा, त्यांच्यासाठी मधल्या टप्प्यात रिक्षा ठरवू.

घाटवाट

मी आणि धाकटा भाऊ. दोघं. खडे टाकणाऱ्यांत तोही होता.

शुक्रवारची

मी आणि मुलगी. ती विचारतेय, नळीचं एक टोक तिला धरायला मिळेल का?

बिबवेवाडीकर

वरचं टोक तिचं. वडील म्हणाले.